डावी बाजू मोकळी

१

"रविवारी डावी बाजू मी मोकळी सोडतो. तुम्ही तिथूनच आत या. कुणाला संशय येणार नाही. अब्बांना तेवढं कळू देऊ नका."

क्लिप संपली. नम्रता बेंद्रेंनी मोबाइल टेबलावर उलटा ठेवला, जणू त्याचं तोंड बघायची इच्छा उरली नव्हती.

मुठा युनायटेड या फुटबॉल क्लबच्या त्या प्रमुख. उद्या, रविवारी, क्लबची पहिलीवहिली फायनल होती. आणि क्लिपमधला आवाज होता शहेजाद आतारचा. येरवड्याचा, जेमतेम विशीतला पोरगा. संघाची डावी बाजू सांभाळणारा बचावपटू. गेल्या वर्षापर्यंत सायकलवर सरावाला येणारा, आणि यंदा नव्या कोऱ्या काळ्या गाडीतून उतरणारा.

"आज सकाळी मेलवर आली. नाव नाही, गाव नाही," नम्रता म्हणाल्या. "मी ऐकली, कोचने ऐकली आणि आता तुम्ही. बाकी सगळ्यांना आम्ही 'एक तक्रार आली आहे' इतकंच सांगितलंय. झेंडेबाई, हा मॅच विकतोय असंच ना याचा अर्थ?"

मुक्ताई झेंडे पोलीस खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाल्या आणि खेळाडूंवर लक्ष ठेवायला क्लबने त्यांना नेमलं. फुटबॉलमधलं त्यांना फारसं कळत नसे, आणि ते त्या लपवतही नसत. माणसांमधलं मात्र कळत असे. हडपसरला त्यांच्या माहेरची जमीन आयटी पार्कात गेली तेव्हा भावाच्या मुलाच्या हातात एकदम पैसा आला. आधी एक गाडी, मग दुसरी गाडी, मग कोर्टाच्या तारखा. म्हणून शहेजादची काळी गाडी पहिल्यांदा पाहिली तेव्हाच बाईंच्या मनात आलं होतं, झालं, हाही गेला.

"परत लावा," त्या म्हणाल्या.

दुसऱ्यांदा त्यांनी शब्द ऐकलेच नाहीत. शब्दांमागे काहीतरी टिकटिकत होतं. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. घड्याळ आकड्यांचं होतं, मुकं. म्हणजे टिकटिक क्लिपमधलीच. बारीक, एका लयीत चाललेली. आणि मध्येच दोनदा, पायरी चुकल्यासारखी, ती अडखळत होती.

"संध्याकाळपर्यंत मला निर्णय घ्यावाच लागेल," नम्रता म्हणाल्या. "नाहीतर त्याला संघातून काढते आणि गुपचूप करार मोडते. पेपरात गेलं तर क्लबच बुडेल."

"पेपरात का नाही गेलं?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे?"

"पाठवणाऱ्याला पोराचा सूड घ्यायचा असता, तर ही क्लिप आज सकाळी सबंध पुण्याच्या मोबाइलवर वाजली असती. ती फक्त तुमच्याकडे आली. का?"

नम्रतांनी मोबाइल उचलला आणि क्लिप बाईंच्या मोबाइलवर पाठवून दिली.

२

दाराबाहेर संजय दिवेकर उभाच होता. शहेजादचा एजंट. पांढरा शुभ्र शर्ट, कपाळावर काळजी.

"मॅडम, तक्रार आलीय म्हणे. पोरगा गरिबीतून आलाय हो. पैसा पचायला वेळ लागतो. मी त्याला मुलासारखा सांभाळलाय. बँकेचं खातं मी उघडून दिलं, गाडी मी निवडली, काय खायचं तेसुद्धा मी सांगतो."

"बराच मोठा संसार आहे तुमचा," झेंडेबाई म्हणाल्या.

संजय हसला नाही. "खरं सांगू? क्लबने ताणू नये. गाजावाजा न करता त्याला मोकळं करावं. मी घेऊन जातो त्याला पुण्याबाहेर. आणि मॅडम, नुसत्या आवाजावरून कुणाचं आयुष्य ठरवायचं? आजकाल कुणाचाही आवाज काढता येतो."

"ते बाकी खरं," बाई म्हणाल्या आणि पुढे निघाल्या.

मैदानाच्या कडेला विक्रम मगर बुटाच्या नाड्या बांधत होता. शहेजाद खेळला नाही, तर त्याची जागा विक्रमला मिळणार हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. विक्रम हडपसरचा. घरची जमीन विकून वडिलांनी बंगला बांधला होता, आणि प्रत्येक मॅचला ते चार गाड्या भरून माणसं आणत.

"मला विचारायला आलात ना? विचारा," तो म्हणाला. "जागा हवीय मला. दोन वर्षं बाकावर बसून हाडं दुखली. पण शहेजाद खेळत असताना त्याच्याकडून काढून घ्यायचीय. तक्रारीवर मिळालेली नको."

"तुमचं जमतं?"

"सुरुवातीला एकत्रच यायचो. आता मी त्याच्या गाडीत बसत नाही. समोर काचेला तो कॅमेरा आहे ना, सारखा लाल डोळा वटारून बघतो. एकदा मी गाडीत कोचला शिव्या घातल्या, आणि दुसऱ्या दिवशी दिवेकर मलाच म्हणतात, तोंड सांभाळ. मी म्हटलं, यांना कुणी सांगितलं? शहेजादने चुगली केली असणार. तेव्हापासून बोलणंच कमी झालं."

"त्याला विचारलंस कधी?"

विक्रमने बांधलेली नाडी उगाच सोडली. मग म्हणाला, "नाही. विचारायला पाहिजे होतं."

आतून फिजिओच्या खोलीचं दार उघडलं. शहेजाद दारात उभा होता, चेहरा राखेसारखा.

"मॅडम," तो म्हणाला, "मला कळू द्या तरी, मी केलंय काय?"

३

झेंडेबाईंनी दार लावून घेतलं आणि क्लिप ऐकवली. खोटारडा माणूस अशा वेळी आधी चिडतो, हा त्यांचा जन्माचा अनुभव. शहेजाद चिडला नाही. तो हळूच खाली बसला.

"आवाज माझाच आहे," तो म्हणाला. "बोललोय पण मीच."

बाईंना धक्का बसला. आवाज बनावट आहे असं तो म्हणेल, ही त्यांची अटकळ होती.

"मॅच विकलीस?"

"अल्ला कसम, नाही."

"मग हे कुणाला सांगत होतास?"

त्याने मान खाली घातली. बोटांनी तो गुडघ्यावरची पट्टी सोलत राहिला.

"ते नाही सांगणार, मॅडम. काढा मला टीममधून. पण नाव नाही सांगणार."

"अरे, उद्या फायनल आहे! लहानपणापासून ज्याच्यासाठी धावलास ती!"

"माहितीय ना," तो म्हणाला. डोळे भरून आले होते, पण आवाज हलला नाही. "नाव घेतलं तर तो माणूस पण बुडेल, आणि मी अजूनच बुडेन. त्यापेक्षा मी एकटाच बरा."

बाई बघत राहिल्या. मनगटावर महागडं घड्याळ होतं, कानात चमकणारा खडा होता. पण सगळी ढब वर्गाबाहेर अंगठे धरून उभ्या केलेल्या मुलाची होती. भावाचा मुलगा अडचणीत सापडला तेव्हा त्याने भराभर सगळ्यांची नावं सांगून टाकली होती. हा एकही नाव सांगायला तयार नव्हता.

विकला गेलेला माणूस असा बसत नाही, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं. वाटून भागणार नव्हतं. सिद्ध करायला हवं होतं, आणि हातात फक्त आजची दुपार होती.

४

येरवड्याला जायला त्यांनी रिक्षा केली. पुलाशी वळताना रिक्षावाल्याने इंडिकेटर दिला. पुण्यात ही मुळातच नोंद घेण्याजोगी घटना, पण बाई सीटवर ताठ बसल्या त्या दुसऱ्याच कारणाने.

टिक, टिक, टिक.

"बंद करू नका!" त्या ओरडल्या.

"अहो बाई, वळलो मी आता!"

"वळलात तरी चालू ठेवा. थोडा वेळ."

रिक्षावाल्याने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं आणि इंडिकेटर चालू ठेवला. बाईंनी मोबाइल कानाला लावून पुन्हा क्लिप ऐकली. तोच आवाज, तीच जात. शहेजाद गाडीत बसून बोलत होता. आणि इंडिकेटर कधी अडखळत नाही. क्लिपमधली टिकटिक मात्र दोनदा अडखळली होती, म्हणजे त्या दोन जागी काहीतरी कापलेलं होतं.

युसूफ आतारांचं दुकान रस्त्यालाच होतं. रिक्षांच्या सीटा आणि हूड शिवायचं. मुलगा करारबद्ध झाल्यावरही त्यांनी मशीन थांबवलं नव्हतं. बाईंना पाहून त्यांनी मान हलवली, वर जायचा जिना दाखवला आणि पुन्हा रेक्झिनवर झुकले.

वर शहेजादच्या आईने, सलीमाने, चहा टाकला. घरात नवा फ्रीज होता. त्याच्या अंगावरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं.

"यांना आवडत नाही," सलीमा म्हणाली. "म्हणतात, पोराच्या पैशाने आपल्याला सवयी लागल्या, तर तो पडेल तेव्हा आपण त्याला कसं उचलणार? म्हणून मशीन चालूच ठेवतात."

बाई म्हणाल्या, "सलीमा, घरी शहेजाद कुठल्या भाषेत बोलतो?"

"आमच्या हिंदीतच की. नातेवाइकांशी पण."

"आणि मित्रांशी?"

"सगळी मिसळ. अरे-तुरे."

"मग असा कोण आहे, ज्याच्याशी तो शुद्ध मराठीत बोलतो, 'तुम्ही' म्हणतो, आणि ज्याची गाठ पडल्याचं त्याच्या अब्बांना कळलेलं चालत नाही?"

सलीमाचा हात कपावरच थांबला. सट्टेवाल्याशी बोलणारा माणूस पोलिसांना भितो, बंदीला भितो. या पोराला साऱ्या जगात फक्त बापाची भीती होती. म्हणजे पलीकडचा माणूस बापाच्या ओळखीचा असणार. बाईंनी रिक्षातच हे जुळवलं होतं.

खाली मशीन घरघरत होतं. सलीमा जिन्याशी गेली, कानोसा घेतला आणि परत आली.

"दत्तप्रसाद सर," ती कुजबुजली. "पण मॅडम, ते नाव या घरात घेत नाहीत. सरांना सट्ट्यात पकडलं होतं."

५

बिबवेवाडीतल्या एका गल्लीत दत्तप्रसाद खेडकरांचं झेरॉक्सचं दुकान होतं. बारीक चणीचा, पिकल्या केसांचा माणूस. बाईंनी क्लबचं नाव सांगताच त्यांनी मशीन बंद केलं.

"पोराला काही झालं का?"

"ते तुमच्यावर आहे."

महापालिकेच्या शाळेत ते खेळाचे शिक्षक होते. शहेजादला पहिला बॉल त्यांनीच दिला, डाव्या पायाने मारायला त्यांनीच लावलं. युसूफ तेव्हा त्यांना घरी जेवायला बोलवायचे. पुढे एका स्थानिक स्पर्धेत पंच असताना सरांनी सट्टेवाल्यांकडून पैसे घेतले आणि पकडले गेले. पंचगिरीवर कायमची बंदी आली, नोकरी गेली. युसूफनी मुलाकडून शब्द घेतला, या माणसाच्या सावलीलाही पुन्हा उभं राहायचं नाही.

"बरोबरच केलं त्यांनी," सर म्हणाले. "मी बाप असतो तर हेच केलं असतं. पण पोरगा मोठा झाला आणि त्याने मला शोधून काढलं. परवा फोन आला. फायनलला घरच्यांसाठी मिळालेल्या खुर्च्यांमध्ये मी बसायचं म्हणे. मी म्हटलं, अरे, तुझे अब्बा मला बघून उठून जातील. तर म्हणाला, ते उजव्या टोकाला बसतात, गुडघा दुखतो म्हणून वाटेशेजारी..."

"आणि डावी बाजू तो मोकळी सोडणार होता," बाई म्हणाल्या.

सर थक्क होऊन पाहत राहिले. बाईंनी मोबाइल पुढे केला. क्लिप ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरत गेला.

"माझं बोलणं सगळं काढून टाकलंय." ते धपकन स्टुलावर बसले. "बाई, मी येऊन साक्ष देतो. पण माझी साक्ष मानणार कोण? सट्ट्यात पकडलेला माणूस सांगतोय की हा सट्टा नव्हता! माझं नाव निघालं की पोरगा संपला."

म्हणून तो गप्प होता तर. झेंडेबाईंच्या डोळ्यांसमोर पट्टी सोलणारी ती बोटं आली.

"साक्ष नकोय मला तुमची," त्या उठल्या. "पण दुकान बंद करा आणि माझ्याबरोबर चला. आणि जरा बऱ्यापैकी शर्ट घाला."

रिक्षातूनच त्यांनी विक्रमला फोन लावला. "शहेजादकडून गाडीची किल्ली घे. तो लाल डोळा आहे ना, त्याच्यातलं कार्ड काढून बेंद्रेमॅडमच्या हातात दे. आणि विक्रम, हे केलंस तर उद्या तू बाकावर बसशील. तेव्हा विचार करून सांग."

"गाडी कुठे लावलीय त्याने?" विक्रमने विचारलं.

६

संध्याकाळी नम्रतांच्या खोलीत सगळे जमले. शहेजाद, विक्रम, संजय दिवेकर. दारातून दत्तप्रसाद सर आत आले तेव्हा शहेजाद ताडकन उभा राहिला.

"मॅडम, मी तुम्हाला नाव सांगितलं नव्हतं!"

"नाही सांगितलंस. तेवढ्यावरूनच मी शोधायला निघाले. बस."

बाईंनी घाई केली नाही. क्लिप गाडीत बोललेली आहे आणि मध्ये कापलेली आहे, हे त्यांनी टिकटिक ऐकवून दाखवलं. गाडीतल्या कॅमेऱ्याला कान असतात, हे विक्रमच्या शिव्या दिवेकरांपर्यंत पोचल्या त्यावरून कळलं, हेही सांगितलं. मग त्या संजयकडे वळल्या.

"आता पाठवणारा कोण? त्याला पोराची बदनामी नको होती, म्हणून क्लिप पेपरात गेली नाही. त्याला फक्त करार गुपचूप मोडून हवा होता. बेंद्रेमॅडम, शहेजादला सोडा म्हणून आधी कुणी विचारलं होतं का?"

"दिवेकरांनीच," नम्रता सावकाश म्हणाल्या. "गेल्या महिन्यात. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या क्लबला तो हवा होता. आम्ही नाही म्हटलं."

"आणि मी पण नाही म्हटलं," शहेजाद म्हणाला. "मी बोललो होतो ना दिवेकर सर, तुम्हाला, पुणे सोडणार नाही म्हणून."

संजय ताठ झाला. "हा निव्वळ तर्क आहे! कुणीही करू शकतं हे. विक्रमही करू शकतो."

"विक्रमला सकाळी फक्त तक्रार माहीत होती, आणि तो फक्त तक्रारीबद्दलच बोलला. तुम्हालाही तेवढंच सांगितलं होतं. तरी तुम्ही मला म्हणालात, नुसत्या आवाजावरून कुणाचं आयुष्य ठरवायचं? दिवेकर, तक्रार आवाजाची आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

संजय दाराकडे पाहू लागला.

नम्रतांनी कार्ड लॅपटॉपला लावलं. टिकटिक सुरू झाली, आणि या वेळी ती कुठेही अडखळली नाही.

"अरे, तुझे अब्बा मला बघून उठून जातील," गाडीच्या स्पीकरवरून सरांचा आवाज आला.

"सर, ते उजव्या टोकाला बसतात. रविवारी डावी बाजू मी मोकळी सोडतो. तुम्ही तिथूनच आत या."

"लोक काय म्हणतील? माझ्यासारखा माणूस..."

"कुणाला संशय येणार नाही."

"आणि तुझ्या अब्बांना कळलं तर?"

"अब्बांना तेवढं कळू देऊ नका. सर, पहिला बॉल तुम्ही दिला होता. फायनल तुम्ही नाही बघणार तर कोण बघणार?"

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि पुसतच राहिले. विक्रमने टेबलापलीकडून शहेजादच्या खांद्यावर थाप मारली. "च्यायला, मला वाटलं तू चुगली केलीस. सॉरी यार."

"त्या कॅमेऱ्यातलं सगळं कुणाच्या मोबाइलवर जातं, ते पोलीस बघतील," बाई संजयला म्हणाल्या. "मुलासारखा सांभाळला म्हणालात ना? मुलांच्या बोलण्याला आम्ही कान लावतो कधी कधी. कात्री नाही लावत."

संजय गेला. नम्रता उठून शहेजादसमोर आल्या आणि त्याला म्हणाल्या, "माझं चुकलं. उद्या तू पहिल्यापासून खेळतोयस."

शहेजाद हसला, आणि लगेच त्याचा चेहरा पडला. "पण मॅडम, अब्बा?"

"ते काम माझं नाही," झेंडेबाई म्हणाल्या. "चोर मी पकडला. बापाला तू सांगायचंस. आजच, आणि तोंडाने."

७

रविवारी स्टेडियम तुडुंब भरलं. झेंडेबाई घरच्यांच्या खुर्च्यांमागेच बसल्या होत्या. मॅचपेक्षा त्यांचं लक्ष पुढच्या रांगेकडे होतं.

युसूफ आतार उजव्या टोकाला, हातांची घडी घालून. शेजारी सलीमा. डाव्या बाजूने दत्तप्रसाद सर आले, खुर्चीला हात लावला आणि तसेच उभे राहिले. बसायचा धीर होईना.

युसूफनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. काल मुलाने जिन्यातच बसून सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी मशीन बंद केलं होतं आणि रात्री जेवेपर्यंत पुन्हा लावलं नव्हतं, हे सलीमाने बाईंना मघाशीच सांगितलं होतं.

"उभे का?" युसूफ म्हणाले. "मागच्या लोकांना दिसत नाही."

सर बसले.

"तिकडे नाही. तिथून त्याचा डावा पाय दिसत नाही. इकडे या, माझ्याजवळ."

सलीमाने सरकून जागा केली. तिची ओढणी डोळ्यांपाशी गेली.

मॅच अटीतटीची झाली. दोन्ही बाजूंना गोल नाही. दुसऱ्या हाफच्या शेवटाला शहेजादने आपल्याच गोलपाशी बॉल हिसकावला आणि पळत सुटला. डाव्या कडेने, रेषेला चिकटून. एक माणूस मागे पडला, दुसरा घसरून आडवा झाला. बाकावरून विक्रम उठून ओरडत होता, "जा! जा! मोकळं आहे!" शहेजादने मान वर केली आणि डाव्या पायाने बॉल असा उचलून टाकला, की पुढच्या खेळाडूला फक्त डोकं लावायचं काम उरलं.

जाळं हललं.

सगळं स्टेडियम एकाच वेळी उभं राहिलं. झेंडेबाईही उभ्या राहिल्या. खात्यात पस्तीस वर्षं काढलेली, हसतानाही हिशेबाने हसणारी ही बाई खुर्चीवर चढून घसा फाटेपर्यंत ओरडत होती, आणि आपण नेमकं काय ओरडतोय हे तिला स्वतःलाही कळत नव्हतं.

शिट्टी वाजली. मुठा युनायटेड जिंकली. खेळाडू एकमेकांवर पडले. त्या ढिगातून कसाबसा सुटून शहेजाद घरच्यांच्या खुर्च्यांकडे धावत आला, चिखलाने माखलेला. कठड्यापाशी येऊन तो थबकला. अब्बा आणि सर शेजारी शेजारी उभे होते, आणि दोघांचेही चेहरे गंभीर होते.

"पहिल्या हाफमध्ये दोनदा उशीर केलास," सर म्हणाले.

"तीनदा," युसूफ म्हणाले.

"तिसऱ्यांदा चूक त्याची नव्हती हो, पास मागे आला."

"अहो सर, मी बघत होतो ना! पायच उचलला नाही त्याने."

"तुमचं लक्ष बॉलवर होतं, पायावर नव्हतं."

दोघं वाद घालत राहिले, हातवारे करत, आवाज चढवत, भोवतीचे ढोल जणू वाजतच नव्हते. कठड्याखाली शहेजाद उभा होता. आधी तो नुसता ऐकत राहिला. मग त्याला हसू फुटलं, आणि ते हसू थांबेचना.